श्रमिकांचे आरोग्य आणि केसपेपरवरील एक रकाना



वार्षिक अहवालात रुग्णसंख्या, शस्त्रक्रिया, औषधखर्च आणि देणग्या यांचा तपशील असतो. तो आवश्यकच आहे. परंतु रुग्णालयात येणारा माणूस आजारी पडण्यापूर्वी दिवसाचे आठ-दहा तास कोठे होता, काय करीत होता, कोणता आवाज, कोणती धूळ आणि कोणता धूर सोसत होता, याची नोंद अशा कोष्टकांत कोठेच दिसत नाही. बहुतेक रुग्णालयांच्या केसपेपरवर ‘व्यवसाय’ असा एक रकाना छापलेला असतो आणि त्यात बहुधा ‘मजुरी’, ‘शेती’ किंवा ‘घरकाम’ असा एकच शब्द लिहिला जातो. या एका रकान्याचे महत्त्व किती मोठे आहे, हे समजावून सांगणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

सोनगीरसारख्या गावात हा विषय विशेष जवळचा आहे. धुळ्याच्या उत्तरेस सुमारे वीस किलोमीटरवर, मुंबई-आग्रा महामार्गालगत, किल्ल्याच्या पायथ्याशी वसलेले हे गाव तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या ओळखले जाते. घागर, हंडा, कळशी, बंब ही खानदेशातील कितीतरी घरांत रुखवतापासून देवघरापर्यंत मानाने मिरवलेली भांडी हातोड्याच्या लाखो ठोक्यांतून आकारास येतात. त्या ठोक्यांची किंमत भांड्याच्या मोलात धरली जाते. कारागिराच्या कानाने मोजलेली किंमत मात्र कोणत्याही वहीत लिहिली जात नाही.

तीनशे वर्षांपूर्वीचे निरीक्षण

कामामुळे होणाऱ्या आजारांच्या शास्त्राचा आरंभ ज्यांच्यापासून मानला जातो, ते इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी होत. त्यांचा जन्म १६३३ चा आणि मृत्यू १७१४ चा. निरनिराळ्या व्यवसायांतील लोकांना कोणते विकार जडतात याविषयीचा त्यांचा ग्रंथ १७०० साली प्रसिद्ध झाला. त्यात व्हेनिस शहरातील तांबटांचे वर्णन आहे. हे कारागीर एकाच वस्तीत राहत, दिवसभर तांबे ठोकीत आणि त्या अखंड आवाजाने त्यांना कमी ऐकू येऊ लागे. याच कामात म्हातारे झालेले तर पुरते बहिरे होत, असे त्यांनी नोंदविले आहे. व्हेनिसच्या जागी पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळी किंवा आपले सोनगीर घातले, तरी त्या वर्णनातील एक अक्षरही बदलावे लागणार नाही.

रामाझ्झिनी यांची मोठी देणगी आणखी वेगळी आहे. रुग्णाची चौकशी करताना काय दुखते, केव्हापासून दुखते, खाण्यापिण्यात काय आले, हे प्रश्न वैद्य पूर्वीपासूनच विचारीत. त्यांत आणखी एका प्रश्नाची भर घालावी आणि रुग्ण कोणते काम करतो हे विचारल्याशिवाय निदानाकडे जाऊ नये, असा आग्रह त्यांनी धरला. त्यासाठी यंत्र लागत नाही, प्रयोगशाळा लागत नाही. तरीही तीनशे वर्षांनंतर हा प्रश्न गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात सर्वांत आधी गळून पडतो.

कानाच्या आत काय घडते

कानाच्या आतील शंखाकृती भागात केसांसारखे तंतू असलेल्या अतिसूक्ष्म पेशी असतात. आवाजाची कंपने या पेशी मेंदूपर्यंत पोचवितात. फार मोठा आवाज दीर्घकाळ आदळत राहिला की त्या प्रथम थकतात आणि पुढे मरतात. त्वचेवरील जखम भरून येते, मोडलेले हाड सांधते, पण माणसाच्या कानातील या पेशी पुन्हा उगवत नाहीत. म्हणूनच आवाजामुळे आलेल्या बहिरेपणावर औषध नाही. श्रवणयंत्राने आवाज मोठा करता येतो, पूर्वीचे ऐकणे परत आणता येत नाही.

हे नुकसान सावकाश आणि न दुखता होते. प्रथम ऐकण्याच्या पट्टीतील उंच स्वरांचा भाग, विशेषतः चार हजार हर्ट्‌झच्या आसपासचा, क्षीण होतो. आपल्या भाषेतील अ, आ, ओ यांसारखे स्वर खालच्या पट्टीत असतात, तर स, श, क, ट, फ यांसारख्या व्यंजनांची ओळख बरीचशी वरच्या पट्टीवर अवलंबून असते. त्यामुळे अशा माणसाला बोलणे ऐकू तर येते, पण उमगत नाही. ‘साठ’ की ‘पाठ’, ‘सात’ की ‘हात’ असा घोटाळा होतो. तो स्वतः म्हणतो, “मला ऐकू येतं, लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात.” घरचे म्हणतात, “बाबा हल्ली चिडल्यासारखे मोठ्यानं बोलतात.” दोघेही आपापल्या परीने खरेच सांगत असतात. वय वाढले की कान मंदावणारच, असे मानून गोष्ट तेथेच सोडून दिली जाते. पंचेचाळिशीतील माणसाचे ऐकणे सत्तरीतल्यासारखे झाले असेल, तर त्याला वय हे कारण पुरेसे नाही.

आवाज मोजण्याचे माप डेसिबल हे आहे. नेहमीचे संभाषण साधारण साठ डेसिबलचे असते. धातूवर हातोडा पडताना क्षणाचा आवाज शंभराच्या पुढे सहज जातो. हे माप वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला चक्रवाढ व्याजाची आठवण करून देणारे आहे. दर तीन डेसिबल वाढीला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. आंतरराष्ट्रीय पातळीवर सर्वसाधारणपणे स्वीकारलेल्या शिफारशीनुसार आठ तासांसाठी ८५ डेसिबलपर्यंतचा आवाज मर्यादेत मानतात. त्यापुढे प्रत्येक तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन तास, ९४ ला एक तास आणि १०० ला अवघी पंधरा मिनिटे. आपल्याकडील कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबल ही याहून सैल मर्यादा दीर्घकाळ वापरली गेली आहे.

जळगाव जिल्ह्यातील संशोधन

हे सारे परदेशातील पुस्तकी ज्ञान आहे, असे कोणी समजू नये. शेजारच्या जळगाव जिल्ह्यातील दहा जिनिंग कारखान्यांत संशोधकांनी आवाज मोजला आणि कामगारांच्या श्रवणशक्तीची यंत्राद्वारे तपासणी केली. हे संशोधन २०११ साली प्रसिद्ध झाले. कामाच्या जागी आवाज ८९ ते १०६ डेसिबल इतका आढळला. वरील हिशेबाने ८९ डेसिबलला सुमारे तीन तास आणि १०६ डेसिबलला चार मिनिटांहूनही कमी वेळ पुरे होतो. हंगामात जिनिंगमधील पाळी किती तासांची असते, हे खानदेशात कोणाला सांगावयास नको. तपासलेल्या कामगारांपैकी दहांत नऊहून अधिक जणांची श्रवणशक्ती सामान्य पातळीच्या खाली गेलेली दिसली आणि कामाची वर्षे जितकी अधिक, तितके नुकसान अधिक, असा स्पष्ट संबंध आढळला. यंत्रांची नियमित देखभाल, कानात घालावयाच्या बुचांची सक्ती आणि कामगारांची ठराविक काळाने तपासणी, अशा शिफारशी त्यात करण्यात आल्या.

या संशोधनातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. एक म्हणजे नुकसान इतके सार्वत्रिक असूनही ते मोजेपर्यंत अदृश्यच होते. ज्या शेडमध्ये सगळ्यांनाच कमी ऐकू येते, तेथे कमी ऐकणे हा आजार वाटत नाही, ती रीत वाटते. दुसरी म्हणजे मोजण्यासाठी लागलेली साधने एखाद्या लहान रुग्णालयाच्याही आवाक्यातील आहेत.

सुटीनंतरचा पहिला दिवस

व्यवसाय विचारल्याने निदान कसे बदलते, याची आपल्या भागातील आणखी उदाहरणे देता येतील. पितळ हे तांबे आणि जस्त यांचे मिश्रण. तांबे वितळण्यास सुमारे १०८५ अंश सेल्सिअस उष्णता लागते, तर जस्त ९०७ अंशांवर उकळू लागते. त्यामुळे पितळ वितळवून ओतकाम करताना जस्ताची वाफ उठते आणि हवेत तिचा पांढरा धूर होतो. तो श्वासावाटे गेला की काही तासांनी, बहुधा संध्याकाळी किंवा रात्री, थंडी वाजून ताप भरतो, अंग मोडून येते, तोंडाला धातूची चव येते आणि एक-दोन दिवसांत सारे आपोआप उतरते. रोज धुरात असणाऱ्याला शरीराच्या सवयीमुळे त्रास कमी होतो, पण सुटीत ती सवय मोडते. म्हणून हा ताप सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी विशेष दिसतो. हिवतापाच्या प्रदेशात थंडीतापाचा रुग्ण आला की रक्ततपासणी होते, आणि ती व्हावयासच हवी. परंतु तपासणीत काही सापडले नाही आणि ताप पुनःपुन्हा कामावर परतण्याच्या दिवशीच येत असेल, तर त्याचे उत्तर डासात नाही, भट्टीत आहे.

कापसाच्या धुळीनेही असेच घडते. सूतगिरण्यांतील कामगारांना सुटीनंतरच्या पहिल्या पाळीत छाती आवळल्यासारखी वाटते. पुढील दिवशी बरे वाटते. काही वर्षांनी आवळणे रोजचे होते आणि अखेर दम कायमचा जडतो. या विकारास बिसिनोसिस म्हणतात. मुंबईच्या कापड गिरण्यांतील कामगारांत त्याचा अभ्यास केईएम रुग्णालयातील डॉक्टरांनी केला होता. जळगावकडील जिनिंग कामगारांच्या फुप्फुसांच्या कार्यक्षमतेवर कापसाच्या धुळीचा विपरीत परिणाम होतो, हेही २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. ‘दमा’ एवढेच लिहून औषध दिले तर रुग्णाला तात्पुरता आराम पडतो. मात्र दम कोणत्या दिवशी वाढतो हे विचारले, तर धुळीपासून दूर राहण्याचा सल्ला वेळेवर देता येतो.

तिसरे उदाहरण दगडाच्या धुळीचे. दगडखाणी, खडी यंत्रे आणि दगड फोडण्याची कामे यांत सिलिका नावाची अतिसूक्ष्म धूळ फुप्फुसात बसते व तेथे कायमचे व्रण करते. मध्य प्रदेशातील मंदसौर येथील पाटीवरच्या पेन्सिली बनविणाऱ्या कामगारांत अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने केलेल्या अभ्यासात तपासलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना हा सिलिकोसिस आढळला होता. खोकला, दम, वजन घटणे ही त्याची लक्षणे क्षयरोगासारखीच असतात. क्ष-किरण चित्रही फसवे असू शकते. शिवाय सिलिकोसिस झालेल्या माणसाला क्षय होण्याचा धोकाही वाढतो. म्हणून क्षयाची औषधे पूर्ण घेऊनही दम कमी होत नसेल, तर कामाची चौकशी करणे अत्यावश्यक ठरते.

कायद्याची छत्री आणि तिच्या बाहेरचे

श्रमिकाच्या स्वास्थ्याचा विचार आपल्या महाराष्ट्राला नवा नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांमुळे मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० साली रविवारची सुटी मिळाली. पुढे १९२३ चा नुकसानभरपाईचा कायदा आला, १९४८ साली कारखाना कायदा आणि कामगार राज्य विमा कायदा आले. दिनांक २१ नोव्हेंबर २०२५ पासून या जुन्या कायद्यांची जागा नव्या कामगार संहितांनी घेतली. नव्या संहितांच्या परिशिष्टांतही आवाजामुळे येणारा बहिरेपणा, बिसिनोसिस आणि सिलिकोसिस यांचा समावेश आहे. असा रुग्ण आढळल्यास शासनाच्या संबंधित अधिकाऱ्यास कळविण्याची जबाबदारी उपचार करणाऱ्या डॉक्टरवरही आहे.

तथापि ही छत्री सर्वांवर धरली जात नाही. नव्या संहितेत कारखान्याच्या व्याख्येसाठी विजेवर चालणाऱ्या जागी किमान वीस आणि विजेविना चालणाऱ्या जागी किमान चाळीस कामगार असावे लागतात. घराच्या ओसरीत बाप, मुलगा आणि एखादा गडी मिळून हंडे ठोकतात, तेथे मालक कोण व कामगार कोण? बहिरेपणाची भरपाई कोणाकडे मागावयाची? अशा कारागिराकडे तपासणीस येणारा कोणताही अधिकारी नसतो. त्याच्या आणि आजाराच्या मध्ये उभी राहू शकणारी संस्था एकच उरते, ती म्हणजे त्याच्या गावातील रुग्णालय.

येथे एक अडचण मोकळेपणाने मांडली पाहिजे. कारागीर कानात बूच घालण्यास नाखूष असतो, आणि ते केवळ हट्टाने नव्हे. ठोका नीट बसला की नाही, पत्रा कोठे पातळ झाला, हे तो आवाजावरून ओळखतो. कान हे त्याचे हत्यार आहे. दुसरी भीती रोजगाराची. तपासणीत दोष निघाला तर काम जाईल, असे मजुराला वाटते. म्हणून उपदेशाने भागणार नाही. खडबडीत ठोकाईच्या वेळी बूच आणि शेवटच्या नाजूक मठारकामाच्या वेळी मोकळा कान, अशी विभागणी त्याच्याशीच बोलून ठरवावी लागेल. आणि तपासणीचा निष्कर्ष त्याच्या संमतीवाचून मालकास कळविला जाणार नाही, असा विश्वास द्यावा लागेल.

विश्वस्त मंडळापुढील प्रस्ताव

या पार्श्वभूमीवर आपल्या रुग्णालयासाठी पुढील चार गोष्टी विश्वस्त मंडळाच्या विचारार्थ ठेवण्यात येत आहेत.

१. केसपेपरवरील ‘व्यवसाय’ या रकान्याऐवजी चार लहान प्रश्न छापावेत : नेमके काम कोणते? किती वर्षांपासून? आवाज, धूळ, धूर किंवा रसायन यांपैकी कशाशी संबंध येतो? सुटीच्या दिवशी त्रास कमी होतो का? यास छपाईखेरीज खर्च नाही.

२. श्रवणशक्ती मोजण्याचे यंत्र व त्यासाठी एक शांत खोली उपलब्ध करावी. ज्यांच्या तपासणीत दोष आढळेल, त्यांना पुढील सल्ल्यासाठी धुळे येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठवावे.

३. वर्षातून एकदा तांबट वस्तीत आणि जिनिंग हंगामापूर्वी कामगारांत तपासणी शिबिर घ्यावे. चाचणीपूर्वी कानाला चौदा तास तरी विश्रांती मिळणे इष्ट असल्याने शिबिर सुटीच्या दिवशी सकाळी असावे.

४. या नोंदींची स्वतंत्र वही ठेवावी आणि नावे वगळून तिचा गोषवारा दरवर्षी याच अहवालात प्रसिद्ध करावा.

हिशेबाच्या कामात आम्ही एक नियम पाळतो, की जे वहीत नाही ते ताळेबंदात येत नाही. श्रमिकांच्या आजाराचेही तसेच आहे. एका कारागिराचे कान गेले ही त्याच्या घरची गोष्ट राहते. एकाच गल्लीतील तीस कारागिरांचे कान एकाच पट्टीत गेले आहेत असे वहीत दिसू लागले, की ते संशोधन होते. मग त्याच्या आधारे शासनाकडे, पंचायतीकडे आणि व्यापाऱ्यांकडे मागणी करता येते.

कुटुंबीयांस विनंती

रुग्णांच्या नातेवाइकांचे साहाय्य या कामी सर्वांत मोलाचे आहे, कारण बदल प्रथम त्यांनाच जाणवतो. टीव्हीचा आवाज वाढला, दारावरची हाक ऐकू येईनाशी झाली, लग्नघरातील गर्दीत माणूस एकटा बसू लागला, रात्री कानात किडा गुंजतो असे म्हणू लागला, तर चेष्टा किंवा भांडण न करता तपासणीस आणावे. केसपेपर काढताना त्याचे काम सविस्तर सांगावे. आज वॉचमन म्हणून बसलेला माणूस पूर्वी वीस वर्षे भट्टीवर होता, हे घरच्यांनी सांगितल्याशिवाय डॉक्टरांना कळत नाही.

कामाच्या जागीही थोडक्या खर्चात बरेच करता येते. ऐरण वाळूत किंवा जड लाकडी ओंडक्यात घट्ट बसविल्यास तिचा झणत्कार कमी होतो. ठोकाईची जागा झोपण्याच्या व मुलांच्या अभ्यासाच्या खोलीपासून दूर असावी. ओतकामाची भट्टी, तसेच कल्हईच्या वेळी उठणारा नवसागराचा धूर यांसाठी जागा उघडी आणि वाऱ्याची पाठ धरून असावी. कानात कापसाचा बोळा घालून उपयोग फारसा होत नाही. फोमचे बूच बोटांनी वळून बारीक करावे, दुसऱ्या हाताने कान वर व मागे ओढून ते आत सरकवावे आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवावे. अर्धवट घातलेले बूच न घातल्यासारखेच होय.

देणगीदारांनी आजवर खाटा, रुग्णवाहिका आणि यंत्रे दिली, त्याबद्दल संस्था सदैव ऋणी आहे. दात्यांच्या नावाची पाटी नव्या इमारतीवर शोभते. आज जी देणगी आम्ही मागत आहोत, तिचे फळ मात्र पाटीवर दिसणारे नाही. पंचवीस वर्षांचा एखादा तरुण कारागीर पन्नाशीत आपल्या नातवंडांचे बोबडे बोल स्पष्ट ऐकेल, एवढेच ते फळ आहे. त्यासाठी आपले सहकार्य लाभावे, ही नम्र विनंती.